बाबांची दाढ

त्या घरात साबण टिकत नसे. सकाळी आणलेली कोरी वडी संध्याकाळपर्यंत दाढ झालेली असे. बाबा आंघोळीला गेले की आतून तक्रार येई, आज सुळा ठेवलाय वाटतं, काखेत टोचतोय. एकदा घरी आलेल्या पाहुण्याने हात धुवायला म्हणून नळावरचा साबण उचलला, निरखून पाहिला, जागच्या जागी ठेवला आणि तसाच येऊन बसला.

हा सगळा उद्योग खारूचा. लहानपणी तिचे पुढचे दोन दात ओठांची परवानगी न घेता बाहेर येऊन बसायचे, म्हणून आत्याने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. पुढे तारा लावून दात आत गेले, नाव बाहेरच राहिलं.

आता खारू पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. पदवी झाली की दंतमहाविद्यालय. पण तिथे नुसतं दार ठोठावून कोणी आत घेत नाही. गुण लागतात. एखाद्या दवाखान्याच्या कोपऱ्यात उभं राहून डॉक्टरांचं काम पाहिल्याचा दाखला लागतो, त्यासाठी ती दर शनिवारी चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाई. मुलाखत असते. आणि त्या महाविद्यालयाची एक जुनी खोड होती. उमेदवारापुढे मेणाची कांडी आणि सुऱ्या ठेवायच्या, एका दाताचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, कोर.

जीवशास्त्रात खारूचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. रसायनशास्त्राने मात्र केसाने गळा कापला. काठावर पास. म्हणजे कागदावर ती बाकीच्यांच्या मागे होती, आणि ही पिछाडी भरून काढायला तिच्याकडे दोन हात तेवढे होते. कोरणं उत्तम झालं तर प्रवेश. नाही झालं तर

नाही झालं तर, हे वाक्य त्या घरात कोणी पूर्ण करत नसे.

आत्या

बाबांची थोरली बहीण. राहायला दोन गल्ल्या पलीकडे, पण जिभेने कायम याच घरात. कवळ्या बनवायच्या कारखान्यात तिचं आयुष्य गेलं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या टेबलावरून गेलं असेल, पण त्यातल्या एकाचंही तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येत, सोबत चिठ्ठी असे, बाई की बुवा आणि वय किती. कवळी झाली की डबीत घालून परत दवाखान्यात.

आत्याची स्वतःची एक रीत होती. कवळीत बसवायचे दात कारखान्यात नवेकोरे येतात, टोकदार, पांढरेफेक. इतर लोक ते तसेच बसवत. आत्या वय बघून ते आधी झिजवायची. कडा बोथट करायची, दाढांच्या टेकड्या घासून सपाट करायची. ती म्हणे, सत्तरीच्या माणसाला विशीचे दात बसवले की तो हसला तरी वाटतं, कुणाचे तरी ढापून आणलेत. ज्याचं तोंड, त्याचा दात. एवढंच तिचं शास्त्र, पण त्यावर तिची श्रद्धा अशी की डॉक्टरांशीही वाद घाली.

भाचीला शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा आत्याने पहिलं काम केलं ते म्हणजे खारूचं दातांच्या चित्रांचं पुस्तक मिटून कपाटावर टाकलं.

"ही चित्रं बघून हात शिकत नाही," ती म्हणाली. "खरं तोंड लागतं."

आणि तिने खऱ्या तोंडाच्या शोधात खोलीभर नजर फिरवली. बाबा तेव्हा पेपर वाचत होते.

तोंड बंद

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. यंत्र अडलं की ते त्याच्याकडे बघत उभे राहत आणि विचार करत, आणि विचार ते डोक्याने कमी, दातांनी जास्त करत. करकर आवाज येई. बरोबरचे लोक सांगत, मिस्त्रींचे दात थांबले की समजायचं, दोष सापडला.

त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, गळ्याला टॉवेल बांधला. आत्याने गुलाबी लगदा कालवून पत्र्याच्या साच्यात भरला आणि भावाच्या तोंडात वर दाबून धरला. घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही.

आई ओट्याशी उभी होती. नवऱ्याचं तोंड असं जाग्यावर आणि गच्च बंद तिने संसारात पहिल्यांदाच पाहिलं. तिने हात पुसले आणि

बरं झालं बसलाच आहात तर ऐका तो मोरीचा नळ तुम्ही उद्या बघतो म्हणालात त्याला आता नळाची पोरं झाली असतील आख्ख्या गावाच्या लिफ्टा वर जातात आणि आपल्या घरचं पाणी खाली गळतंय आणि खिशात स्क्रू ठेवून शर्ट धुवायला टाकू नका हे मी भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने ऐकलं असतं आणि माझ्या भावापुढे ती लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाची गोष्ट पुन्हा सांगू नका तो दर वेळी हसतो कारण तो सभ्य आहे आणि हो मान हलवू नका त्या हिवाळ्यात मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा तुम्ही रोज दुपारी घरी यायचात आणि म्हणायचात जवळच एक लिफ्ट बिघडलीय म्हणून डोकावलो इतक्या लिफ्टा आहेत तरी का आपल्या गल्लीत मला काय कळत नव्हतं होय सगळं कळत होतं फक्त बोलले नाही कारण बोलले असते तर तुम्ही यायचे थांबला असता लाजून

इथे ती थांबली आणि ओट्याकडे वळली.

लगदा केव्हाच घट्ट झाला होता. आत्याने तो काढायची घाई केली नव्हती. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. घशापर्यंत साचा गेला की येतं डोळ्यांत पाणी, असं ते नंतर सांगत.

मोरीचा नळ त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला.

हात

साच्यात प्लास्टर ओतून बाबांचा वरचा जबडा तयार झाला आणि खारूच्या टेबलावर येऊन बसला. शिकवणी आत्याच्या पद्धतीने. नखं कापलेली. कोपर टेबलाला टेकलेलं. आधी बोटाने चाचपायचं, मग कोरायचं. वरच्या पहिल्या दाढेला चार टेकड्या, आतल्या बाजूची पुढची सगळ्यांत दांडगी, आणि मधून तिरका बांध. शेतातून जाते तशी वाट धर, आत्या सांगे, दरीतून दरीत. सुरी ओढू नकोस, सुरीला जाऊ दे.

आधी साबण, मग मेण. पहिल्या दाढा बटाट्यासारख्या झाल्या. आत्या त्यांना नावं ठेवत होती: ही चपटी बुवा, ही सुजलेली, ही बिचारी जन्मालाच यायला नको होती. एकीला तर तिने हात जोडले. खारू रडकुंडीला आली की आत्या चहा टाकी आणि सांगे की तिने स्वतः पहिल्यांदा बनवलेली कवळी एका आजोबांनी कुत्र्याला दिली, कुत्र्यानेही परत आणून ठेवली.

मग हळूहळू दाढा दाढांसारख्या दिसू लागल्या. एक दिवस आत्याने प्लास्टरचा जबडा फडक्याखाली झाकला आणि म्हणाली, आता आठवणीने. खारूने कोरली. आत्याने फडकं काढलं, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवरून बोट फिरवलं. शेवटी भावाला हाक मारली.

"बघ रे, तुझी दाढ. ओळख पटते का?"

बाबांनी जिभेने आपली दाढ चाचपली, डोळ्यांनी मेणाची पाहिली, पुन्हा जीभ फिरवली.

"माझीच आहे," ते म्हणाले. "फक्त हिला अजून हप्ते फेडायचे नाहीत."

कोर

मोठा हॉल. खिडक्या उंच, टेबलं लांब, प्रत्येकासमोर मेणाची निळी कांडी. फळ्यावर दाताचं नाव लिहिलं जातं. वरची, उजवी, पहिली दाढ.

खारूला हसू फुटतं. ते ती दाबते.

हात सुरू होतात. तिला काही करावं लागत नाही. चौकोन मोडतो, कोपरे गोल होतात, टेकड्या येतात, बांध येतो. मेणाच्या साली टेबलावर पडत जातात. शेजारचा मुलगा नाकाने मोठ्याने श्वास घेतोय. समोरची मुलगी दुसऱ्यांदा कांडी मोजते. खारूची दाढ सगळ्यांच्या आधी होते, आणि ती सुरी पुसून जरा इकडेतिकडे बघते.

समोरच्या मुलीची दाढ धारदार आहे. चार उंच टोकं, मध्ये खोल घळ.

शेजाऱ्याची ओबडधोबड आहे, पण टोकं उंच. मागे. पलीकडे. सगळीकडे डोंगर.

खारूच्या हातात पठार.

तिला आधी वाटतं, ह्यांचं सगळ्यांचं चुकलं. मग ती आपली दाढ बोटाने चाचपते. कपाटावरचं पुस्तक आठवतं, त्यातलं चित्र आठवतं. फळ्यावर फक्त दाढ लिहिलंय. कुणाची ते लिहिलेलं नाही. म्हणजे मागितलीय ती पुस्तकातली, कुणीही अजून एक घास चावला नाही अशी. आणि तिने कोरलीय ती पन्नाशीच्या माणसाची, लिफ्टच्या बंद दारांपुढे उभं राहून करकरा खाल्लेली. आत्याने शिकवताना एकदाही सांगितलं नाही की ही दाढ झिजलेली आहे. आत्याला ते दिसतच नव्हतं. कोऱ्या दाढाही तिने आयुष्यभर झिजवूनच बसवल्या, तिच्या लेखी झिजलेली म्हणजेच दाढ.

मेण कोरून काढता येतं, परत चिकटवता येत नाही. टेकड्यांची उंची गेली ती गेली.

पण दरी खोल करता येते. दरी खोल केली की टेकडी उंच दिसते. मग दाढ आखूड होईल, म्हणून बाजूही तासाव्या लागतील, म्हणजे सगळीच दाढ लहान होईल. लहान, पण बरोबर. किंवा ही आहे तशीच द्यायची. ही सुंदर आहे. हिच्याइतकी चांगली तिने कधीच कोरली नव्हती.

पर्यवेक्षक बाई घड्याळाकडे बघतात.

ज्याचं तोंड, त्याचा दात. इथे तोंड कुणाचं? मागणाऱ्याचं. मागणारा समोर बसलाय आणि त्याला ही नकोय.

बाबा, जरा सहन करा, असं ती मनात म्हणते आणि सुरी

पाठ केलेलं आणि बोललेलं

मुलाखत त्याच दुपारी. टेबलापलीकडे दोघं. एक जाड चष्म्याचे प्राध्यापक, एक बाई, ज्या काहीच बोलत नव्हत्या. टेबलावर खारूची दाढ. इतरांच्या शेजारी ती पंगतीत मोठ्या भावंडांमध्ये धाकटी बसावी तशी दिसत होती.

चष्म्याने विचारलं, दातांचंच डॉक्टर का?
पाठ केलेलं: समाजाच्या आरोग्यात मुखाच्या आरोग्याचं स्थान फार महत्त्वाचं आहे.
बोललेलं: शनिवारी मी जिथे उभी राहते तिथे एक आजी येतात. त्या वर्षभर तोंडावर हात ठेवून बोलायच्या. आता ठेवत नाहीत.

रसायनशास्त्रात काय झालं?
पाठ केलेलं: त्या काळात घरी काही अडचणी होत्या.
बोललेलं: मला समजलं नाही. नंतर समजलं, पण परीक्षा आधी होती.

ही दाढ एवढी लहान का?
पाठ केलेलं: काहीच नाही. हा प्रश्न घरात कुणाला सुचला नव्हता.
बोललेलं: सगळं. पुस्तक कपाटावर, बाबा खुर्चीत, पठार, दरी. आत्याचं नाव घेताना ती अडखळली, मग म्हणाली की चूक शिकवणारीची नव्हती, मी कुणाची दाढ शिकतेय ते विचारलंच नाही.

चष्म्याने दाढ उचलून उजेडात धरली. बाबा कुठल्या बाजूने चावतात, विचारलं. उजव्या, ती म्हणाली. झोपेत दात खातात का? झोपेत नाही, दिवसा, काम करताना.

न बोलणाऱ्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "झोपेतही खात असणार. त्यांना कुणाला तरी दाखव."

"पहिली तशीच द्यायला हवी होती असं वाटतं?" चष्म्याने विचारलं.

खारूने जरा विचार केला. "पहिली जास्त चांगली होती. पण तुम्ही ती मागितली नव्हती."

त्यांनी काहीतरी लिहिलं. दोघांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

घरी

आत्या दारातच बसली होती. कोणता दात आला, विचारलं. ऐकून तिने मांडीवर थाप मारली, म्हणजे देवच पावला म्हणायचा. मग खारूचा चेहरा बघून तिची दुसरी थाप अर्ध्यात राहिली.

खारूने लपवायचं ठरवलं होतं. जिन्यातच ठरवलं होतं. पण आत्यापुढे तिला कधीच काही लपवता आलेलं नव्हतं, त्यामुळे ते दोन वाक्यांतच बाहेर आलं. आई पाणी घेऊन उभी राहिली ती उभीच. बाबा म्हणाले, म्हणजे मी नापास झालो. कुणी हसलं नाही.

आत्या उठली, स्टूल ओढलं, कपाटावरून पुस्तक काढलं, पदराने धूळ पुसली आणि चित्राचं पान उघडून चष्मा लावून बघत बसली. बराच वेळ.

"ही कुणाची गं?"

"कुणाचीच नाही, आत्या."

"तरीच," आत्या म्हणाली. पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतर ती यायचीच थांबली. खारू गेली तर दाराला कुलूप, नाहीतर आतून निरोप, डोकं दुखतंय. बाबा मध्यस्थी करायला गेले आणि हात हलवत परत आले. बहीण म्हणे एकच वाक्य बोलली, पोरीचं वर्ष मी खाल्लं. बाबांनी दाताच्या कण्या केल्या, ती काही बधली नाही. घर सुनं सुनं वाटू लागलं. नावं ठेवणारं कुणी नसलं की केलेलं काम केल्यासारखं वाटत नाही, हे खारूला तेव्हा कळलं. साबणाच्या वड्या आता वड्याच राहत होत्या.

मोटार

निकाल फोनवर आला तेव्हा खारू कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. तिने तो वाचला, हातातली नळी नीट स्टँडला लावली, मग पुन्हा वाचला. आईला फोन केला. बाबा कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते, त्यांना वरून कुणीतरी ओरडून सांगितलं म्हणे, आणि त्यांनी खालूनच विचारलं, दाढेला किती?

आत्याला फोन करण्यात अर्थ नव्हता. ती उचलत नव्हती. खारू थेट कारखान्यात गेली.

एका जुन्या इमारतीतला दुसरा मजला. दारातच प्लास्टर कालवल्याचा आणि तापलेल्या मेणाचा वास. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर जबडेच जबडे, खालचे वरच्यांवर, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. बायका-पुरुष मान खाली घालून बसलेले. खिडकीपाशी आत्या. तिच्यापुढे पॉलिशची मोटार गरगरत होती आणि ती गुलाबी हिरडीची एक कवळी त्यावर धरून होती. धूळ उडत होती. तिने वर पाहिलं नाही.

मोटारीच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. खारू उभी राहिली. कवळी एका बाजूने झाली, दुसऱ्या बाजूने झाली. मग आत्याने पायाने बटण दाबलं. मोटार हळू होत होत थांबली.

"घेतलं त्यांनी," खारू म्हणाली.

आत्याने कवळी पाण्यात बुडवली. काढली. फडक्याने पुसली.

"लहान दाढेवर?"

"लहान दाढेवर. पत्रात लिहिलंय, प्रमाण अचूक."

आत्याने मोटार पुन्हा सुरू केली आणि तीच कवळी, जी आरशासारखी चमकत होती, पुन्हा तिच्यावर धरली. खारूने तिचा चेहरा बघायचा नाही असं ठरवलं आणि फळीवरच्या जबड्यांकडे बघत राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दोघींकडे पाहून विचारलं, काय झालं. भाची डॉक्टर होणार, आत्या म्हणाली, इतक्या मोठ्याने की मोटारीवरूनही ऐकू गेलं. मग मोटार बंद केली आणि नेहमीच्या आवाजात पुढे चालू झाली. किती वर्षं शिकायचं, फी कुठून आणणार, तिथे ते रसायनशास्त्र पुन्हा आहे का, असलं तर काय करशील. तिचं तोंड सुरू झालं तसं खारूला हायसं वाटलं.

"एवढी वर्षं?" हिशोब करून आत्या म्हणाली. "तोवर माझेच पडतील."

"मग पहिली पेशंट तूच. उघड तोंड."

आत्या हसली, तोंड उघडलं, थट्टेत. खारूने टेबलावरचा दिवा वळवला, थट्टेतच, आणि मग तिचा हात थांबला. खाली डावीकडे मागची दाढ काळी होती. वरून नाही, आतून. हिरडी सुजलेली.

"आत्या, ही किडलीय."

"माहीत आहे."

"दुखत असेल."

"रात्री दुखते."

"किती दिवस?"

आत्याने तोंड मिटलं. समोरच्या कवळीला उगाच फडकं मारलं.

"तुझ्या ओळखीचे गावातले सगळे डॉक्टर," खारू म्हणाली. "रोज त्यांची माणसं साचे घेऊन येतात. त्यांच्याशी तू भांडतेस. आणि एकाकडेही गेली नाहीस?"

आत्याने आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि खाली बघून म्हणाली, "ती खुर्ची मागे झुकते ना. मला भीती वाटते."

जिने आयुष्यभर जबडे हाताळले, ती आत्या. डॉक्टरांना तोंडावर सुनावणारी. खारूला हसू आलं, पण ते तिने येऊ दिलं नाही. तिने खुंटीवरून आत्याची पिशवी काढली, चष्म्याची डबी आत टाकली आणि पिशवी आपल्याच खांद्याला लावली.

"आज शनिवार आहे," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई असतील. मी तशीही तिथे कोपऱ्यात उभी असते. आज जवळ उभी राहते."

"एवढं पॉलिश झालं की..."

"झालंय ते. दोनदा झालंय."

आत्याने हात धुतले. फार सावकाश धुतले. एक एक बोट. शेजारच्या बाईंना सांगितलं की भाचीबरोबर जरा बाहेर जाऊन येते, कुठे ते सांगितलं नाही. जिन्यात ती कठड्याला धरून एक पायरी उतरली आणि थांबली.

"दुखेल का गं?"

खारू खोटं बोलू शकली असती. दर शनिवारी ती डॉक्टरीणबाईंना ऐकायची, काही नाही हो, मुंगी चावेल.

"सुई टोचताना दुखेल," ती म्हणाली. "मग नाही. आणि खुर्ची मी आधी त्यांना मागे करू देणार नाही, तू हो म्हणेपर्यंत."

आत्याने तिचा हात धरला, कोरताना कोपर टेबलाला टेकवायला सांगताना धरायची तसा नाही, नुसता धरला, आणि दोघी खाली उतरू लागल्या.